हंगामी राजधानी

मुक्ता, तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो,
कुंड्यांना गोणपाट बांधत.
"ग्वाल्हेरला कधी येऊ काका, बरा महिना कोणता?"
एवढं विचारलंस आणि फोन कट झाला.

सगळे सांगतात, नोव्हेंबर. बरोबरच सांगतात.
नोव्हेंबरात किल्ल्याचा दगड दुपारी मांजराच्या पाठीइतका कोमट असतो,
दौलतगंजात गजक कुटण्याचे ठोके सुरू होतात,
आणि बाड्यावर उभ्याने बेढई खाताना
वाफ द्रोणातून येते की आपल्याच तोंडातून, कळत नाही.
डिसेंबर सरता सरता मात्र धुकं.
गाड्या सहा-सहा तास धौलपूरच्या पलीकडे कुठेतरी उभ्या.
तुझ्या पुणेरी छातीला ते मानवायचं नाही.

पण हा प्रश्न आमच्या घरात फार जुना आहे.
मी सात वर्षांचा होतो तेव्हा
कधी यायचं ते राजधानीच ठरवायची.
मध्यभारत नावाचं एक राज्य होतं,
तुमच्या पुस्तकात असलीच तर अर्धी ओळ असेल.
त्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला जायची
आणि थंडीला परत ग्वाल्हेरला,
सरकारी खर्चाने हवापालट.

माझे वडील, त्र्यंबक इंदापूरकर, महसूल खात्यात कारकून.
निघायचे दिवस आले की मोती महालात बसून
लाल फडक्यांत फायली बांधायचे.
गाठीवर लाख, लाखेवर शिक्का,
पेटीवर चुन्याने आकडा.
साहेबांच्या पेट्यांमागून साहेबांची बायकामुलं जायची.
कारकुनाला तिकीट एकट्याचं.

म्हणून आमच्याकडे ऋतू दोनच:
वडील आहेत,
वडील इंदूरला आहेत.

दुसरा लांबत जायचा.
लू दाराची कडी वाजवायची, माणसासारखी.
आई वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची,
पडदा वाळायचा, आई मारायची.
रात्री गल्लीत बाजा टाकायचो आम्ही,
आणि समोरचा किल्ला दिवसभर उसनं घेतलेलं ऊन
बारा-एकपर्यंत हप्त्याहप्त्याने परत करत बसायचा.
गल्लीत उरायचं कोण?
भुशातून बर्फाची लादी उकरून काढणारा शकूर.
पहाटे तीनला छिन्नी उचलणारा बैजू पाथरवट.
नापास झालेला राजवाड्यांचा बाळ.
आणि बायका, ज्यांचे नवरे माळव्याची हवा खात होते.
एकीच्या चुलीवर तिघींचं शिजायचं.
त्या महिन्यांत आई मोठ्याने हसायची.
हे माझ्या ध्यानात यायला मला साठी उलटावी लागली.

वडिलांचं पत्र यायचं: "इथे संध्याकाळी छान वारा सुटतो."
आई वाचायची, घडी घालायची,
आणि त्याच पत्राने वारा घ्यायची.

मग छप्पन साल. नोव्हेंबर आला, थंडी आली,
गजकवाल्यांनी तीळ भाजायला घेतले.
राजधानी आली नाही.
ती भोपाळला गेली आणि तिथेच बसली, बाराही महिने.
वडिलांनी तिथे खोली घेतली. बोलावलं.
आई म्हणाली, "जिला हवापालट लागत नाही
त्या राजधानीत मी काय करू?"
हसतच म्हणाली. पण पेटी माळ्यावरून काढली नाही.
त्यानंतर वडील सणासारखे झाले:
कॅलेंडरात दिसायचे, दोन दिवसांत उरकायचे.

तर मुक्ता, नोव्हेंबरात आलीस तर ये.
फोटो चांगले येतील.
पण एकदा मे महिन्यात ये.
अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही,
पडलीसच तर खिशात कांदा.
पन्हं मी करतो, आईच्या मापाचं, गूळ जरा कमी.
रात्री गच्चीवर बाज टाकू,
किल्ला आपलं काम करत असेल.
बैजूचा नातू आता मशीन लावतो दगडाला,
तीही तीनलाच सुरू होते. दचकू नकोस.

फक्त परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेव.
मेमध्ये इथून बाहेर जाणाऱ्या गाड्या
अजूनही भरलेल्या असतात.